टॉर्ट: मुद्दाम केलेलं नुकसान आणि निष्काळजीपणा, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हेच प्रश्न पुन्हा पुन्हा येत राहतात, कधी लॉच्या मुलांकडून परीक्षेच्या आदल्या रात्री, कधी खरंच पाय मोडून घरी बसलेल्या माणसाकडून, म्हणून सगळ्यांची उत्तरं एका जागी लिहून ठेवतोय. खालची तत्त्वं कॉमन लॉची आहेत, म्हणजे इंग्लंडच्या कोर्टांनी एकेका केसमधून घडवलेली आणि तिथून अमेरिका, भारत, ऑस्ट्रेलिया, कॅनडा इकडे गेलेली. तपशील देशागणिक बदलतात, अमेरिकेत तर राज्यागणिक, त्यामुळे स्वतःची केस असेल तर तिथल्या वकिलाला भेटाच. बहुतेक गोंधळ एकाच गोष्टीमुळे होतो. लोक विचारतात "तो माणूस वाईट होता का?" आणि कोर्ट विचारतं "झालेलं नुकसान आता कोणी सोसायचं?" हे दोन प्रश्न वेगळे आहेत हे डोक्यात ठेवून पुढचं वाचा.

१. टॉर्ट म्हणजे नेमकं काय? तो गुन्हाच ना?

नाही. टॉर्ट म्हणजे दिवाणी स्वरूपाची चूक, मराठी पुस्तकांत 'अपकृत्य' म्हणतात. गुन्ह्यात सरकार आरोपीवर खटला चालवतं आणि शिक्षा होते, टॉर्टमध्ये ज्याचं नुकसान झालं तो स्वतः वादी म्हणून कोर्टात जातो आणि मुख्यतः नुकसानभरपाई मागतो. एकाच थपडेतून दोन्ही निघू शकतं, पोलीस केस वेगळी, दिवाणी दावा वेगळा. पुराव्याची पट्टीही वेगळी. गुन्हा वाजवी शंकेपलीकडे सिद्ध करावा लागतो, टॉर्टमध्ये "असं झालं असण्याची शक्यता जास्त आहे" एवढं पटलं तरी पुरतं. म्हणून माणूस फौजदारीत सुटतो आणि त्याच प्रकरणात दिवाणीत पैसे भरतो, यात कोर्टाचं काही चुकलेलं नसतं. करारभंगाशीही गल्लत करू नका, कराराची बंधनं आपण स्वतःहून घेतो, टॉर्टची बंधनं कायदा सगळ्यांवर घालतो.

२. 'इंटेन्शनल' म्हणजे वाईट हेतू असायलाच हवा ना? मी तर गंमत करत होतो.

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न. उत्तर: नाही, वाईट हेतू लागत नाही. इथे हेतू म्हणजे दोनपैकी एक, परिणाम घडावा अशी इच्छा असणं, किंवा तो घडणार हे जवळजवळ पक्कं माहीत असणं.

यासाठी अमेरिकेतली १९५५ ची गॅरट विरुद्ध डेली ही केस बघा. बागेतली एक खुर्ची, एक वयस्क बाई तिच्यावर बसायला वाकतायत, आणि पाच वर्षं नऊ महिन्यांचा मुलगा ती खुर्ची तिथून हलवतो. बाई खाली आपटल्या, खुब्याचं हाड मोडलं. पोराला त्यांना इजा करायची होती असं कोणीच म्हणत नव्हतं. वॉशिंग्टन राज्याच्या सुप्रीम कोर्टानं विचारलं ते एवढंच, की खुर्ची सरकवताना बाई आता तिथे बसणार हे त्या मुलाला पक्कं माहीत होतं का? माहीत असेल तर तेवढा हेतू पुरेसा. प्रकरण खालच्या कोर्टात परत गेलं आणि माहीत होतं असाच निष्कर्ष निघाला.

म्हणजे "गंमत होती", "दुखवायचं नव्हतं" हे सांगून नुकसानभरपाई टळत नाही, फार तर दंडात्मक भरपाई, म्हणजे नुकसानाच्या वर शिक्षा म्हणून लावलेली रक्कम, टळेल (प्रश्न २१ बघा).

३. मला नुसता हात लावला, लागलं काहीच नाही. यावर दावा होतो का?

होऊ शकतो. याला बॅटरी म्हणतात, संमतीशिवाय मुद्दाम केलेला शारीरिक स्पर्श. जखम व्हायची गरज नाही. १७०४ सालीच इंग्लंडच्या कोर्टानं सांगितलंय की रागानं केलेला अगदी थोडका स्पर्शही बॅटरी आहे. स्पर्श अंगालाच हवा असंही नाही, हातातली पिशवी हिसकावली, अंगावरचा कपडा ओढला, थुंकलं, तरी चालतं. आणि ज्याला स्पर्श झाला त्याला तेव्हा कळलंच पाहिजे असंही नाही, झोपेत किंवा भूल दिलेल्या अवस्थेत झाला तरी बॅटरी.

पण गर्दीत धक्का लागणं, लक्ष वेधायला खांद्यावर हलकं बोट लावणं, हे रोजच्या जगण्यात सगळे स्वीकारतात. १९८४ च्या कॉलिन्स विरुद्ध विल्कॉक मध्ये ही सूट स्पष्ट मांडली आणि त्याच केसमध्ये, अटक करायची नसताना एका बाईचा दंड धरून थांबवणारी पोलीस अधिकारी या सुटीच्या बाहेर गेली असं ठरवलं.

४. हात लावलाच नाही, फक्त अंगावर धावून आला. मग?

मग ती असॉल्ट. आत्ता, या क्षणी आपल्याला मार बसणार असं समोरच्याला वाजवीपणे वाटायला लावणं म्हणजे असॉल्ट. भीती वाटलीच पाहिजे असं नाही, पैलवानाला कोणी ठोसा उगारला आणि तो घाबरला नाही तरी त्याला ठोसा येताना दिसला, तेवढं बास. उलट मागून उगारलेली काठी दिसलीच नाही तर असॉल्ट नाही, बसली तर बॅटरी.

'आत्ता' हा शब्द महत्त्वाचा. "पुढच्या महिन्यात बघून घेतो" हा मेसेज या टॉर्टमध्ये बसत नाही, तो धमकीच्या इतर कायद्यांत बसू शकतो. शब्द कधी कधी कृतीची धारच काढून घेतात. १६६९ च्या टबरव्हिल विरुद्ध सॅव्हेज मध्ये एकानं तलवारीच्या मुठीवर हात ठेवून म्हटलं की सध्या गावात न्यायाधीशांचा मुक्काम नसता तर असली भाषा ऐकून घेतली नसती. अर्थ काय, तर मुक्काम आहे म्हणून आत्ता काही करणार नाही. असॉल्ट नाही.

५. दाराला कुलूप नव्हतं, तरी मला "बाहेर जायचं नाही" म्हणून बसवून ठेवलं. हे अडकवणं धरतात का?

धरतात. बेकायदा अडकवून ठेवणं म्हणजे चारही बाजूंनी हालचाल बंद करणं, मग ती भिंतीनं असो, धाक दाखवून असो की "मला अटक करायचा अधिकार आहे" अशी खोटी बतावणी करून. पण चारही बाजू बंद हव्यात. १८४५ च्या बर्ड विरुद्ध जोन्स मध्ये पुलाच्या एका बाजूचा रस्ता बोटींच्या शर्यतीसाठी बंद केला होता, एकजण हट्टानं आत शिरला, त्याला पुढे जाऊ दिलं नाही पण मागे फिरून दुसऱ्या बाजूनं जायला वाट मोकळी होती. कोर्ट म्हणालं ही अडवणूक आहे, अडकवणं नाही. बाहेर पडायची वाट आहे पण ती जिवावरची आहे, जसं दुसऱ्या मजल्यावरून उडी, तर ती वाट धरत नाहीत. किती वेळ अडकवलं याची किमान मर्यादा नाही, वेळेवरून फक्त भरपाईचा आकडा ठरतो.

६. मारायचं होतं एकाला, लागलं भलत्याला. ज्याला लागलं तो दावा करू शकतो?

हो. हेतू ज्याला लागलं त्याच्याकडे सरकतो असं समजा. दगड अ वर मारला, अ वाकला, ब ला लागला, तर ब च्या बाबतीतही ते मुद्दामच. बऱ्याच कोर्टांत हेतू एका प्रकारच्या टॉर्टमधून दुसऱ्या प्रकारातही सरकतो, फक्त घाबरवायला फेकलेलं खरंच लागलं तरी बॅटरी. १७७३ च्या स्कॉट विरुद्ध शेपर्ड मध्ये बाजारातल्या गर्दीत एकानं पेटता फटाका फेकला, ज्याच्यापुढे पडला त्यानं घाबरून पुढे भिरकावला, पुढच्यानं आणखी पुढे, आणि शेवटी एकाच्या तोंडावर फुटून त्याचा डोळा गेला. मधल्या दोघांनी स्वतःला वाचवण्यासाठी फेकला म्हणून जबाबदारी पहिल्याकडेच राहिली.

७. माझीच जागा समजून त्याच्या जमिनीत शिरलो, माझीच छत्री समजून त्याची नेली. चूक झाली, पण मुद्दाम थोडंच केलं?

आत पाऊल मुद्दाम टाकलं ना? छत्री मुद्दाम उचलली ना? तेवढंच बघतात. जागा कोणाची याबद्दलचा गैरसमज हा बचाव नाही. जमिनीवरच्या अतिक्रमणात तर नुकसान दाखवायचीही गरज नाही, नाममात्र भरपाई मिळतेच. कोणी ढकलल्यामुळे तुम्ही आत पडलात तर गोष्ट वेगळी, तिथे तुमची कृतीच नाही, ढकलणाऱ्याची आहे. वस्तूच्या बाबतीत थोडा वेळ वापरून परत ठेवली तर एक, आणि मालकासारखी वागवली, विकली, मोडली तर दुसरा आणि मोठा टॉर्ट, ज्यात वस्तूची पूर्ण किंमत भरावी लागू शकते.

८. मी 'हो' म्हटलं होतं. आता सगळंच संपलं का?

ज्याला हो म्हटलं तेवढंच संपलं. संमतीला हद्द असते. मिनेसोटामधली १९०५ ची मोहर विरुद्ध विल्यम्स केस वाचण्यासारखी आहे. बाईंनी उजव्या कानाच्या ऑपरेशनला होकार दिला, त्या बेशुद्ध असताना डॉक्टरला डावा कान जास्त खराब दिसला, त्यानं डाव्याचं ऑपरेशन केलं, तेही चांगलं केलं. तरी बॅटरी, कारण डाव्या कानाबद्दल कोणी विचारलंच नव्हतं आणि जीव धोक्यात नव्हता. हीच गोष्ट खेळात. कबड्डीत पकड होणार, पडणार, खरचटणार हे मान्य करूनच आपण मैदानात उतरतो, पण शिट्टी वाजल्यावर मागून तोंडावर मारलेली लाथ त्यात येत नाही. फसवून, धाक दाखवून किंवा समज नसलेल्या लहान मुलाकडून घेतलेला होकार धरत नाहीत. बेशुद्ध माणसाला वाचवायला केलेले तातडीचे उपचार मात्र चालतात.

९. स्वतःला वाचवताना किती मारलं तर चालतं? आणि घरात कोणी घुसू नये म्हणून सापळा लावला तर?

धोका आत्ताचा हवा आणि बळ धोक्याच्या मापाचं हवं. समोरचा पळत सुटला की तुमचा बचाव तिथेच संपतो, त्यानंतर मारलेलं सूड म्हणून धरलं जातं. गैरसमजातून बचाव केला आणि तो गैरसमज कोणाही शहाण्या माणसाला झाला असता, तर बहुतेक ठिकाणी चालून जातं.

मालमत्तेसाठी सूट फार कमी. १९७१ ची आयोवामधली कॅटको विरुद्ध ब्रायनी केस: ओसाड पडलेल्या घरात वारंवार चोऱ्या होत होत्या म्हणून मालकांनी बेडरूमच्या दाराला बंदूक बांधून ठेवली, दार उघडलं की गोळी सुटावी अशी. जुन्या बाटल्या उचलायला घुसलेल्याच्या पायाचा चेंदामेंदा झाला आणि कोर्टानं भरपाई चोराला दिली, मालकाला नाही. लोकांना हे वाचून राग येतो, मला समजतं तो राग. पण बंदुकीला समोर चोर आहे की आग विझवायला आलेला माणूस आहे की खेळताना आत गेलेलं पोर आहे हे कळत नाही, आणि मालक स्वतः तिथे उभा असता तरी रिकाम्या घरासाठी जीवघेणा बार काढायचा हक्क त्याला नव्हता. मग जो हक्क नाही तो यंत्राला कसा देणार?

१०. आता निष्काळजीपणा. यात नेमकं काय काय सिद्ध करावं लागतं?

चार गोष्टी: काळजी घ्यायचं कर्तव्य होतं, ते मोडलं, मोडल्यामुळे नुकसान झालं (आणि ते फार लांबचं नाही), आणि खरंच नुकसान झालं. चारही लागतात, तीन असून उपयोग नाही. बॅटरीत नुसता स्पर्श पुरतो, इथे नुकसान नसेल तर दावाच नाही. गाडी कितीही बेफाम चालवली आणि कोणाला काही झालं नाही, तर दंड होईल, टॉर्ट नाही. पुढचे पाच प्रश्न या चारांचेच आहेत.

११. माझा त्याच्याशी काही करार नाही, ओळखही नाही. मी त्याची काळजी का घ्यायची?

या प्रश्नाचं उत्तर एका बाटलीनं दिलं. ऑगस्ट १९२८, स्कॉटलंडमधलं पेझ्ली गाव, एका कॅफेत मैत्रिणीनं डोनोह्यूबाईंसाठी जिंजर बिअर घेतली. बाटली गडद काचेची, आतलं दिसत नाही. थोडी पिऊन झाली, उरलेली ओतली तर कुजलेली गोगलगाय बाहेर आली अशी त्यांची तक्रार. पैसे मैत्रिणीनं दिलेले, म्हणजे बाईंचा करार ना कॅफेशी ना कंपनीशी. १९३२ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सनं, म्हणजे तेव्हाच्या ब्रिटनमधल्या सर्वात वरच्या कोर्टानं, तीन विरुद्ध दोन मतांनी ठरवलं की बाटली भरणाऱ्याचं कर्तव्य पिणाऱ्यापर्यंत पोचतं. त्यातले न्यायाधीश लॉर्ड ॲटकिन यांचं शेजारी तत्त्व इथलंच: आपल्या वागण्यानं ज्यांना झळ बसेल हे आधी लक्षात यायला हवं, ते सगळे कायद्याच्या दृष्टीनं आपले शेजारी. (गोगलगाय खरंच होती का हे कधीच सिद्ध झालं नाही, प्रकरण पुढे आपसात मिटलं.)

पण याची दुसरी बाजू खूप जणांना पटत नाही. कॉमन लॉमध्ये अनोळखी माणसाला वाचवायचं सर्वसाधारण कर्तव्य नाही. बुडणाऱ्याकडे बघत काठावर बसणारा नीच असेल, पण जबाबदार नाही. अपवाद आहेत: धोका तुम्हीच निर्माण केला असेल, नातं तसं असेल (आईबाप आणि मूल, शिक्षक आणि विद्यार्थी), किंवा तुम्ही मदत सुरू करून त्याची अवस्था आणखी बिघडवली असेल. या शेवटच्या भीतीनं लोक मदतच करत नाहीत, म्हणून बऱ्याच ठिकाणी मदत करणाऱ्याला संरक्षण देणारे कायदे झाले. भारतात मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं १३४-अ हे कलम त्यासाठीच घातलं.

१२. मी माझ्या परीनं पूर्ण काळजी घेतली होती. तरी निष्काळजी कसा?

कारण माप तुमच्या परीचं नसतं. त्या जागी साधारण समजूतदार माणूस असता तर त्यानं काय केलं असतं, हे माप. १८३७ ची व्हॉन विरुद्ध मेनलव्ह: एकानं शेजाऱ्याच्या घरांजवळ गवताची गंजी रचली, ती पेट घेईल असं पाच आठवडे लोक सांगत होते, तो म्हणाला बघू काय होतं ते. गंजी पेटली, शेजारची घरं जळाली. वकिलानं सांगितलं की अशिलाची बुद्धीच तेवढी, त्यानं आपल्या बुद्धीप्रमाणे केलं. कोर्टानं ऐकलं नाही, प्रत्येकाच्या बुद्धीचं वेगळं माप लावायचं तर माप म्हणून काही उरणारच नाही.

शिकाऊ ड्रायव्हरलाही हीच पट्टी. १९७१ च्या नेटलशिप विरुद्ध वेस्टन मध्ये शिकणाऱ्या बाईंना तरबेज ड्रायव्हरचंच माप लावलं. कठोर वाटतं, पण रस्त्यावरच्या माणसाचं हाड शिकाऊच्या गाडीखाली कमी मोडत नाही. लहान मुलाला त्याच्या वयाचं माप लावतात, पण त्यानं मोठ्यांचं काम केलं, म्हणजे मोटार चालवली, तर अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी मोठ्यांचं. डॉक्टर, इंजिनियर यांना त्या धंद्यातल्या साधारण कुशल माणसाचं, १९५७ ची बोलम केस त्यासाठी प्रसिद्ध आहे. उपचार लागू पडला नाही म्हणजे निष्काळजीपणा झाला असं नाही. आणि फौजदारीत डॉक्टरला धरायला साधा निष्काळजीपणा पुरत नाही, तो फार मोठा असावा लागतो, भारताच्या सुप्रीम कोर्टानं जेकब मॅथ्यू केसमध्ये २००५ साली हे सांगितलंय.

१३. धोका तर सगळ्यातच असतो. किती धोका म्हणजे निष्काळजीपणा?

तीन गोष्टी तोलतात: घडायची शक्यता किती, घडलं तर किती वाईट, आणि टाळायला काय खर्च, किती त्रास. अमेरिकेत न्यायाधीश लर्नेड हँड यांनी १९४७ मध्ये हेच सूत्राच्या रूपात मांडलं, खबरदारीचा भार हा शक्यता गुणिले नुकसान यापेक्षा कमी असेल तर खबरदारी घ्यायलाच हवी.

क्रिकेटच्या दोन केसेस शेजारी ठेवल्या की हे चटकन कळतं. १९५१ च्या बोल्टन विरुद्ध स्टोन मध्ये फलंदाजापासून कुंपण ७८ यार्डांवर, उतारामुळे कुंपणाचा वरचा कडा खेळपट्टीपेक्षा १७ फूट उंच, सुमारे ३० वर्षांत फक्त सहा वेळा चेंडू बाहेर गेलेला. रस्त्यावरच्या बाईंना लागला तरी क्लब जबाबदार नाही. १९७७ च्या मिलर विरुद्ध जॅक्सन मध्ये चेंडू दर मोसमात घरांवर येत होते, तिथे निष्काळजीपणा ठरला. खेळ तोच, नियम तोच, फरक शक्यतेचा.

१४. चूक त्याची होती हे त्यानंही मान्य केलं. मग पैसे का मिळाले नाहीत?

बहुधा कारण आणि परिणामाची गाठ जुळली नाही. कोर्ट विचारतं, ही चूक झाली नसती तर हे नुकसान टळलं असतं का? इंग्लंडमध्ये १९६६ च्या पहिल्या दिवशी तीन रात्रपाळीचे वॉचमन चहा प्याल्यावर उलट्या होत असताना हॉस्पिटलात गेले, डॉक्टरनं तपासलंच नाही, घरी जाऊन आपापल्या डॉक्टरला बोलवा असा निरोप दिला. त्यातला एक काही तासांत वारला, चहात आर्सेनिक होतं. डॉक्टरची चूक उघड होती. पण तपासलं असतं तरी औषध वेळेत पोचून तो वाचला नसता असं सिद्ध झालं, आणि बायकोचा दावा फेटाळला गेला. ही केस वाचताना मला दरवेळी त्रास होतो, पण नियम याहून स्पष्ट कुठेच दिसत नाही.

उलट्या बाजूचा अपवादही आहे. दोन शिकारी, दोघांनीही बेफिकिरीनं एकाच दिशेला बार काढले, छर्रा एकाचाच डोळ्यात गेला, कोणाचा ते कळणं अशक्य. कॅलिफोर्नियाच्या कोर्टानं १९४८ मध्ये (समर्स विरुद्ध टाइस) ओझं फिरवलं: आता तुम्ही दोघं सिद्ध करा की माझा नव्हता, नाहीतर दोघंही भरा.

१५. एका छोट्या चुकीतून साखळीच सुरू झाली. शेवटापर्यंतचं सगळं मीच भरायचं?

नाही, ज्या प्रकारचं नुकसान आधी लक्षात येण्यासारखं होतं तेवढंच. १९६१ च्या वॅगन माउंड केसमध्ये सिडनीच्या बंदरात जहाजातून तेल सांडलं, ते तरंगत धक्क्यापर्यंत गेलं, वेल्डिंगच्या कामात पेटलं. पाण्यावरचं ते तेल पेटेल हे त्या वेळी कोणाच्या लक्षात येण्यासारखं नव्हतं, म्हणून आगीची भरपाई नाही. न्यूयॉर्कच्या १९२८ च्या पॉल्सग्राफ केसमध्ये रेल्वेच्या माणसांनी गाडीत चढणाऱ्या एकाला आधार दिला, त्याचं पुडकं पडलं, आत फटाके होते, स्फोट झाला आणि फलाटावर लांब असलेला वजनकाटा एका बाईंवर कोसळला. न्यायाधीश कार्डोझो यांच्या बहुमतानं म्हटलं, त्या बाईंना धोका होईल हे कोणाला सुचणार होतं? चार विरुद्ध तीन, म्हणजे न्यायाधीशांतही एकमत नव्हतं, आणि तुम्हाला अल्पमत पटलं तर त्यात काही वावगं नाही.

पण नुकसानाचा प्रकार लक्षात येण्यासारखा असेल तर त्याची व्याप्ती कितीही वाढली तरी तुमचीच. माणूस जसा आहे तसा घ्यायचा. १९६२ च्या स्मिथ विरुद्ध लीच ब्रेन मध्ये कामगाराच्या ओठाला वितळलेल्या धातूचा थेंब लागून भाजलं, तिथे आधीच कॅन्सरपूर्व स्थिती होती, कॅन्सर होऊन तो गेला. मालकाला मृत्यूची भरपाई द्यावी लागली. मुद्दाम केलेल्या कृतीतही हेच: १८९१ च्या व्हॉसबर्ग केसमध्ये वर्गात एका मुलानं दुसऱ्याच्या नडगीला हलकी लाथ मारली, आधीच दुखरा असलेला पाय कायमचा निकामी झाला, जबाबदारी पूर्ण.

१६. नेमकी चूक काय झाली हे मला माहीतच नाही, मी तर रस्त्यानं चाललो होतो. पुरावा कुठून आणू?

काही घटना स्वतःच बोलतात. १८६३ मध्ये इंग्लंडात गोदामाच्या खिडकीतून पिठाचं पिंप एका वाटसरूवर पडलं, कोर्ट म्हणालं पिंपं उगाच खाली पडत नाहीत, आता गोदामवाल्यानं सांगावं. दिल्लीत चांदनी चौकातला घड्याळाचा मनोरा १९५१ मध्ये कोसळून माणसं गेली. मनोरा सुमारे ८० वर्षांचा, त्या चुन्याचं आयुष्य ४०-४५ वर्षांचं, तपासणी झालेली नाही. सुप्रीम कोर्टानं १९६६ मध्ये हेच तत्त्व लावून महापालिकेला जबाबदार धरलं. अटी दोन: अशी घटना सहसा निष्काळजीपणाशिवाय घडत नाही, आणि ती वस्तू समोरच्याच्या ताब्यात होती.

१७. थोडी चूक माझीही होती. आता काहीच मिळणार नाही का?

पूर्वी नसतं मिळालं. १८०९ च्या बटरफिल्ड विरुद्ध फॉरेस्टर मध्ये रस्त्यात आडवा वासा टाकणारा सुटला, कारण घोडेस्वार भरधाव होता. आता बहुतेक ठिकाणी वाटणी होते, इंग्लंडमध्ये १९४५ च्या कायद्यापासून. तुमची चूक ३० टक्के तर भरपाईतले ३० टक्के कापले. सीटबेल्ट न लावल्याबद्दल १९७६ च्या फ्रूम विरुद्ध बुचर मध्ये आकडेच दिले: बेल्टनं इजा पूर्ण टळली असती तर २५ टक्के कपात, कमी झाली असती तर १५. अमेरिकेत काही राज्यांत तुमची चूक अर्ध्याहून जास्त असेल तर शून्य, आणि अलाबामा, मेरीलँड, नॉर्थ कॅरोलिना, व्हर्जिनिया इथे जुना नियम अजून आहे. एक लक्षात ठेवा, अपघात झाल्या झाल्या "माझंच चुकलं" म्हणून मोकळे होऊ नका, टक्के ठरवणं हे शांतपणे करायचं काम आहे.

१८. "काही झाल्यास आम्ही जबाबदार नाही" या फॉर्मवर सही केली. अडकलो?

आपोआप नाही. सही बघतात, पण फॉर्ममध्ये काय स्पष्ट लिहिलंय, तुम्हाला खरी निवड होती का, आणि कायदा अशी सूट मुळात मान्य करतो का, हेही बघतात. इंग्लंडमध्ये १९७७ च्या कायद्यापासून कुठल्याही व्यवसायाला स्वतःच्या निष्काळजीपणातून झालेल्या मृत्यू किंवा शारीरिक इजेची जबाबदारी अशा अटीनं झटकता येत नाही. संमतीची हद्द (प्रश्न ८) इथेही लागू, डोंगर चढायचा धोका तुम्ही घेतला, कुजलेल्या दोराचा नाही.

१९. धक्का ड्रायव्हरनं दिला, दावा मालकावर का?

कारण नोकरानं काम करताना केलेल्या टॉर्टला मालकही जबाबदार असतो. काम करताना याचा अर्थ सैल आहे. १९४२ च्या एका केसमध्ये टँकरचा ड्रायव्हर पेट्रोल उतरवत असताना सिगारेट पेटवून काडी खाली टाकतो, स्फोट होतो. सिगारेट ओढणं त्याचं काम नव्हतं, पण पेट्रोल उतरवणं होतं आणि ते तो निष्काळजीपणे करत होता, मालक जबाबदार. गाडी घेऊन स्वतःच्याच कामाला भलतीकडे गेला तर सहसा मालक सुटतो. स्वतंत्र ठेकेदाराच्या चुकीला काम देणारा सहसा जबाबदार नसतो. ड्रायव्हर स्वतः मात्र कधीच सुटत नाही, हे लोक विसरतात.

२०. अंगाला काही लागलं नाही, पण मनावर फार परिणाम झालाय.

मुद्दाम केलं असेल तर वाट जुनी आहे. १८९७ च्या विल्किन्सन विरुद्ध डाउनटन मध्ये एकानं बाईंना खोटंच सांगितलं की तुमच्या नवऱ्याला अपघात झालाय, दोन्ही पाय मोडलेत. त्या धक्क्यानं त्या गंभीर आजारी पडल्या, भरपाई मिळाली. निष्काळजीपणात कोर्ट जास्त सावध असतं, नुसतं दुःख पुरत नाही, ओळखता येणारा मानसिक आजार लागतो. दुसऱ्याचा अपघात बघून धक्का बसला असेल तर इंग्लंडमध्ये १९९२ च्या अल्कॉक केसपासून जवळचं प्रेमाचं नातं, तिथे किंवा लगेच नंतर हजर असणं, आणि स्वतःच्या डोळ्याकानांनी अनुभवणं हे सगळं लागतं. टीव्हीवर बघणाऱ्या नातेवाइकांना त्या केसमध्ये काही मिळालं नाही, आणि ही रेघ चुकीच्या जागी ओढली गेलीय असं माझं प्रामाणिक मत आहे.

२१. एकाच घटनेत मुद्दाम आणि निष्काळजी दोन्ही लावता येतं का? फरक काय पडतो?

पर्यायी म्हणून दोन्ही मांडतात, पण विचार करून मांडा. मुद्दाम सिद्ध झालं तर दंडात्मक भरपाईची शक्यता वाढते, वादीची स्वतःची चूक सहसा कापली जात नाही, आणि नुकसान न दाखवताही दावा टिकतो. पण विमा साधारणपणे मुद्दाम केलेल्या कृत्याला लागू नसतो. म्हणजे "त्यानं जाणूनबुजून केलं" हे सिद्ध करून तुम्ही जिंकाल आणि त्याच्याकडे द्यायला पैसेच नसतील. मुदतही वेगळी असू शकते, भारतात बेकायदा अडकवल्याच्या दाव्याला १९६३ च्या मुदत कायद्यात एकच वर्ष आहे, इंग्लंडमध्ये निष्काळजीपणातून झालेल्या शारीरिक इजेला सर्वसाधारणपणे तीन. कागद गोळा करत बसून मुदत गेलेली माणसं दरवर्षी भेटतात, आधी तारीख बघा.

२२. चूक कोणाचीच नाही. तरी कोणाला पैसे भरावे लागतात का?

हो. मिनेसोटा, १९०५ चं वादळ, माल उतरवून झालेलं जहाज धक्क्याला बांधलेलं. सोडलं तर बुडणार, म्हणून खलाशी दोर तुटला की नवा बांधत राहिले, आणि लाटांबरोबर जहाज धक्क्यावर आपटत राहिलं. कप्तानानं जे केलं ते योग्यच होतं, धक्क्याच्या मालकाला दोर कापायचा हक्कही नव्हता. तरी १९१० मध्ये (व्हिन्सेंट विरुद्ध लेक एरी) कोर्टानं सांगितलं की धक्क्याची मोडतोड जहाजवाल्यांनी भरून द्यावी, कारण त्यांनी आपलं जहाज दुसऱ्याच्या धक्क्याच्या जिवावर वाचवलं.

धोकादायक कामांचं तसंच. १८६८ च्या रायलंड्स विरुद्ध फ्लेचर मध्ये तलावाचं पाणी शेजारच्या खाणीत शिरलं, मालकाची वैयक्तिक चूक नसतानाही तो जबाबदार ठरला, पण दैवी आपत्ती, तिसऱ्याचं कृत्य असे काही अपवाद ठेवले गेले. भारताच्या सुप्रीम कोर्टानं दिल्लीतल्या ओलियम वायुगळतीनंतर १९८६ मध्ये एम. सी. मेहता केसमध्ये, घातक उद्योगांपुरते हे अपवादही काढून टाकले. घातक वस्तू बाळगून नफा मिळवता, तर ती सुटून कोणाला इजा झाली की भरपाई द्यायची, काळजी किती घेतली होती हा प्रश्नच तिथे विचारला जात नाही.